पायलीचा खड्डा

ही गोष्ट लिहायची मी बरीच वर्षं टाळली. टाळायला फारसे कष्ट पडले नाहीत, कारण गल्लीतले लोक ती सांगत आले आहेत आणि माझ्यापेक्षा रंगवून सांगतात. डहाणूत स्टेशनकडून समुद्राकडे जाताना आमची गल्ली लागते. तिच्या नाक्यावर चहाच्या टपरीशी कोणी नवा माणूस उभा राहिला की कोणीतरी सुरू करतोच, ‘आमच्या इथे एक गिरणीवाले शेठ होते. त्यांनी एकदा कचेरीतल्या साहेबाला खड्ड्यात पाडलं.’ सगळे हसतात. मीही हसतो. परवा माझा जावईच ती गोष्ट आपल्या मित्राला सांगत होता. शेवटी माझ्याकडे बोट करून म्हणाला, ‘बाबा अगदी पुढेच उभे होते, विचारा त्यांना.’ मी ‘होतो तर’ म्हणालो, चहा संपवला आणि घरी येऊन लिहायला बसलो.

साहेब पडले हे खरं. शेठनी पाडलं हे खरं नाही. पण ते कळायचं तर आधी शेठ कळायला हवेत.

शेठ माझे घरमालक. मी गंजाडकडच्या एका शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. मागे अंगणात त्यांच्या भाताच्या गिरणीची शेड होती. गिरणी कधीच बंद पडली होती. पाड्यापाड्यावर छोट्या चक्क्या आल्या आणि भाताची पोती डहाणूपर्यंत यायची थांबली. पण माणूस गिरणीतून बाहेर पडला नव्हता. खाकी हाफपँट, वर बंडी, डोक्याला गुंडाळलेला पंचा, हाच त्यांचा वेश. शेठ हे नाव सोडलं तर शेठपणाची दुसरी खूण अंगावर नव्हती.

ते सगळ्या जगाला धान्याच्या मापाने मोजायचे. चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. लहानापासून मोठ्यापर्यंत हीच त्यांची पट्टी. बादलीत पाणी किती? ‘दोन पायल्या.’ माझ्या बायकोने केलेली खीर कशी झाली? ‘गूळ चिपटंभर जास्ती.’ एकदा शाळेतल्या आमच्या हेडमास्तरांना भेटून आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘मास्तर, माणूस मापट्याचा आहे, आवाज पायलीचा काढतो.’

तर अशा माणसाच्या फाटकासमोर खड्डे पडले. आमच्या गल्लीत रस्ता आधी होता की खड्डे, यावर नाक्यावर वाद चालायचे, पण त्यांचं माप कोणी घेतलं नव्हतं. ते शेठनी घेतलं. पावसाने उघडीप दिली की ते लोखंडी माप घेऊन निघायचे आणि खड्ड्यातलं पाणी मापाने उपसून बाजूला टाकायचे. येणारे जाणारे थांबून बघत.

‘शेठ, पट्टी लावा ना सरळ,’ कोणी म्हणे.

‘पट्टीने काय कळतंय? खोली पोराटोरांनाही कळते. पोटात किती मावतं ते बघायला पाहिजे ने.’

मग त्या मापावरून त्या खड्ड्याचं बारसं. वाण्याच्या दुकानासमोरचा शेर. विजेच्या खांबाजवळ चिपटं. आणि आमच्या फाटकासमोर पायली. पायलीत पुढे पुढे बऱ्याच पायल्या पाणी मावायला लागलं, पण नाव बदलायला ते तयार नव्हते. ‘पोरगं वाढलं म्हणून कोणी नाव बदलतं काय?’

त्यांना टाइप करता येत नसे. गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला तेव्हा त्यांनी बोलून निरोप पाठवायला सुरुवात केली. रोज सकाळी सगळ्यांच्या फोनवर शेठ. ‘नमस्कार. आजचे बाजारभाव. वाण्याच्या दुकानासमोरचा शेर काल संध्याकाळी शेरावरच बंद झाला होता, आज अधोलीवर उघडला. खांबाजवळचं चिपटं दिसत नाही. ते शेजारच्या खड्ड्यात सामील झाल्याची खबर आहे. पायली तेजीत. स्कूटरवाल्यांनी उतरून चालत जावं, ही विनंती.’ माझी बायको भाकरी थापता थापता ते ऐकायची आणि हसण्याच्या नादात तव्यावरची करपवायची.

चिकूच्या हंगामात वाड्यांमधून निघालेले टेम्पो आमच्या गल्लीतून जात. पायलीत चाक गेलं की क्रेटमधून पाचदहा चिकू उडून रस्त्यावर पडायचे. शेठ ते गोळा करून ओट्यावरच्या टोपलीत ठेवत आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर एकेक देत. ‘घ्या. खड्ड्याचं उत्पन्न आहे.’ टेम्पोवाला एकदा चिडून उतरला. ‘शेठ, माल माझा आणि वाटता तुम्ही?’ शेठनी त्याच्याही हातावर चिकू ठेवला. ‘जमीन कोणाची? मग पीक पण तिचंच ने.’

निवडणूक आली. एक उमेदवार पांढरा झब्बा घालून, हात जोडून आमच्या ओट्यावर आले. रस्त्याचं बोलणं शेठनी काढलंच नाही. त्यांना बसवलं, काकूंकडून, म्हणजे त्यांच्या बायकोकडून, चहा मागवला. कप काठोकाठ भरलेला. उमेदवार प्यायला लागणार तोच शेठ म्हणाले, ‘इथे नाही. रिक्षात बसा. नाक्यापर्यंत जाऊन परत या. कपात जेवढा चहा राहील, तेवढी आमच्या घरची मतं तुमची.’

माणूस खेळकर होता, बसला. अख्खी गल्ली फाटकांवर आली. रिक्षा शेरातून गेली तेव्हा ‘आई गं’ ऐकू आलं. परत आली तेव्हा झब्ब्यावर छातीपासून गुडघ्यापर्यंत चहा होता, आणि कप कोरडा. शेठ हात जोडून म्हणाले, ‘साहेब, मतं तरीही देऊ. पण झब्बा आमच्याकडे धुवायला टाकून जा.’ ते निवडून आले, आणि झब्बा विसरले नाहीत. निवडून आल्यावर शेठना निरोप आला, की पावसाळ्यातच नगरपरिषदेच्या कचेरीतून माणूस येऊन गल्ली बघून जाईल आणि दिवाळीच्या आत डांबर पडेल.

त्या दिवशी शेठ माझ्या खोलीत आले. असे ते कधी येत नसत. खाटेवर बसले आणि पहिल्यांदाच मस्करी न करता बोलले.

काकूंच्या मणक्याचं दुखणं जुनं होतं. घरात भिंतीला धरून हिंडत, पण हादरा बसला की आठवडाभर उताण्या पडून. काकूंचं माहेर वेवजीला, तलासरीच्या पुढे, गुजरातच्या हद्दीशी. तिथे त्यांच्या भावाची मुलगी, जिला त्यांनी लहानपणी डहाणूला आणून वाढवलं होतं, तिचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं.

‘हिला तिथे न्यायचीय,’ शेठ म्हणाले. ‘हायवे मस्त आहे. तलासरीपर्यंत पोटातलं पाणी हलत नाही. घरापासून नाक्यापर्यंत, एवढाच सगळा डोंगर आहे, मास्तर.’

मी म्हणालो, ‘मग हे ग्रुपवर सांगा ना. लोक कचेरीत येतील तुमच्याबरोबर.’

‘नको. हिला आवडणार नाही. लोक दारात येऊन हळहळतील आणि ती कुढेल. हसतायत ते बरं आहे.’

पुढच्या घरातून काकूंचा आवाज आला, ‘मास्तर, तुमच्या शेठना सांगा, खड्ड्याची आरती झाली असेल तर जेवायला या. आणि तुम्ही पण बेसो ने, पातवड्या केल्यात.’ उभं राहून पातवड्या करणं त्यांना किती जड जात असेल, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं. तरी मी चार खाल्ल्या.

आता माझा भाग.

श्रावणात माझ्या मुलीचा साखरपुडा ठरला. व्याही वसईचे. टापटीप माणूस, बुटाला चिखल लागलेला खपणार नाही असा. बघायला आले तेव्हा पायलीपाशी थांबून म्हणाले होते, ‘तुमच्याकडे रस्ते वगैरे करत नाहीत का?’ हसत म्हणाले, पण ते मला लागून राहिलं. शेठना त्या खड्ड्याची जेवढी गंमत होती, तेवढी मला लाज.

आदल्या संध्याकाळी पाऊस थांबला होता. मी मुरमासाठी एकाला फोन केला. तो म्हणाला, चार दिवसांनी बघू. शेठ कोसबाडला एका जुन्या गिऱ्हाइकाकडे गेले होते, रात्री उशिरा परतणार होते. शेडमध्ये तुसाची, म्हणजे भाताच्या टरफलांची, पोती होती. काकू अंघोळीचं पाणी तुसाच्या शेगडीवर तापवत, त्यासाठी शेठ ती साठवून ठेवत. शेडची किल्ली दोघांकडेच, एक शेठकडे, एक माझ्याकडे. गल्ली रिकामी बघून मी पायलीतलं पाणी उपसलं, पोती ओढत आणली, तूस दाबून भरलं आणि वर अंगणातली माती पसरून पायाने चोपली. सुंदर दिसत होतं. खड्डा होता असं कोणी म्हटलं नसतं. मी हात धुतले आणि लांबून पुन्हा एकदा बघून घेतलं.

तूस पाण्यावर तरंगतं, हे मी पोरांना शिकवलेलं होतं.

पहाटे पाऊस झाला. पायली पुन्हा पाण्याने भरली. माती खाली बसली, तूस वर आलं आणि पाण्यावर त्याचा जाड थर धरला. वरून जमीन, खाली पाणी. सकाळी मी झब्ब्याची बटणं लावत होतो, बाहेर बघायची सवड नव्हती. व्याह्यांनी गाडी नाक्यावरच ठेवली आणि मंडळी भिंतीच्या कडेकडेने चालत आली. मी त्यांना घ्यायला फाटकात उभा. आणि त्याच वेळी, कोणाला न कळवता, कचेरीतले साहेब गल्ली बघायला आले.

शेठ धावतच निघाले. बंडीवर शर्ट चढवायचंही त्यांना सुचलं नाही. साहेबांना घेऊन एकेक खड्डा दाखवत ते आमच्या फाटकाकडे आले. आज त्यांनी मापांची नावं घेतली नाहीत, मस्करी केली नाही. हात पाठीमागे बांधून ते साध्या शब्दांत सांगत होते. पायलीजवळ आले आणि खाली बघत थांबले.

‘कुठे आहे मोठा?’ साहेब म्हणाले.

‘इथेच होता, साहेब.’

‘काका, इथे तर सपाट आहे.’ असं म्हणत साहेबांनी पाय टाकला.

पोटरीपर्यंत पाय गेला. तोल सावरायला दुसरा टाकला, तोही गेला. साहेब बसलेच. हातातला फोन तुसात बुडाला. उठले तेव्हा कमरेपासून खाली सगळीकडे ओलं तूस चिकटलेलं. फाटकांवरचे लोक आधी हबकले आणि मग हसू फुटलं. शेठची नवी मस्करी आहे असंच सगळ्यांना वाटलं. चहाचा झब्बा सगळ्यांना आठवत होता, साहेबांच्याही कानावर असणार.

‘मस्करी करता? कामावर आलेल्या माणसाची?’ साहेब ओरडले. ‘कोणी केलं हे?’

माझे व्याही माझ्या खांद्याशी उभे होते. त्यांनीही हलक्या आवाजात मला विचारलं, ‘कोणी केलं हो हे?’

शेठ वाकले, चिमूटभर तूस उचललं, बोटांत चोळलं. त्यांनी शेडकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग माझ्या शेजारच्या व्याह्यांकडे, त्यांच्या मागे हातात ताटं धरून उभ्या असलेल्या बायकांकडे. मला वाटतं, मी तेव्हा मान हलवली. नको म्हणून हलवली की मीच म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही.

‘मी भरलं, साहेब,’ शेठ म्हणाले. ‘चूक झाली.’

भातगिरणीत जन्म काढलेला माणूस खड्ड्यात तूस भरेल का, एवढा साधा विचार गल्लीतल्या एकाच्याही मनात आला नाही. साहेब पाय झाडत निघून गेले. आमच्याकडे साखरपुडा झाला. शेठ जेवायला आले, मुलीला आशीर्वाद दिला, व्याह्यांना आग्रह करून जिलबी वाढली. व्याही नंतर म्हणाले, ‘तुमचे घरमालक वल्लीच आहेत.’

त्या वर्षी आमच्या गल्लीचं काम झालं नाही.

लोक चिडले, आणि त्यांचंही चुकलं असं मी म्हणू शकत नाही. हसण्यावारी नेऊन शेठनी हातातला रस्ता घालवला, असं घरोघरी झालं. ग्रुपवर मेसेज आले, यांना काढा. ग्रुप मी चालवायचो. मास्तर म्हणून ते माझ्याकडे दिलं होतं. मी दोन दिवस काहीच केलं नाही. मग वाण्याने दुकानात सगळ्यांसमोर विचारलं, ‘मास्तर, भाडेकरू आहात म्हणून घाबरता काय?’ मी तिथेच फोन काढला आणि शेठना काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने शेठ ओट्यावर बसून फोनमध्ये बोलायला लागले. बोलून झाल्यावर फोनकडे बराच वेळ बघत राहिले. मी शाळेला निघालो होतो, मला फाटकातून दिसत होतं. मग आत तोंड करून म्हणाले, ‘ऐक गं, आजचे भाव.’ आणि सगळं काकूंना सांगितलं. काकू हसल्याचं ऐकू आलं. पुढे रोज तेच. भाडं द्यायला गेलो की मला चहा मिळायचा, चिकू मिळायचा. तुसाचा शब्द कधी निघाला नाही. रागावले असते तर माझं काम सोपं झालं असतं.

वेवजीच्या लग्नाचा दिवस आला. शेठनी भाजीवाल्याची हातगाडी मागून आणली. तिच्यावर घरातल्या सगळ्या गाद्या घातल्या, कडेने उशा लावल्या आणि वर काकू. नवी साडी, डोक्यात अबोली, हातात लग्नात द्यायचं भांडं. काकू लाजेने तोंडावर पदर घेऊन म्हणत होत्या, ‘मास्तर, बघताय ने, माझी वरात काढलीय या वयात.’

मी म्हटलं, ‘मी धरतो एक बाजू.’

आम्ही दोघे ढकलत निघालो. शेठनी सगळी वाट डोक्यात ठेवली होती. ‘डावीकडे घ्या. हळू. आता उजवं चाक काठावरून. थांबा.’ गाडी इतकी हळू चालली होती, की वाण्याच्या दुकानातलं गिऱ्हाईक सामान घेऊन, पैसे देऊन आमच्या पुढे निघून गेलं. कोणी मदतीला आलं नाही. कोणी हसलंही नाही. काकूंना हादरा बसला नाही, एकदासुद्धा नाही. शेठचं कपाळ घामाने भिजलं होतं आणि चेहरा असा खूश होता, की जणू रस्ता त्यांनीच बांधून घेतलाय.

त्यांच्या आणि माझ्या हातांत वीतभराचं अंतर होतं. सांगायला ती गल्ली पुरेशी लांब होती. पण काकू ऐकतील, आज नको, असं मी स्वतःला सांगितलं. नाक्यावर व्हॅन उभी होती. काकूंना उचलून आत बसवलं. शेठ पुढे बसले, काच खाली केली.

‘शेठ,’ मी म्हणालो.

ते थांबले. खरंच थांबले, ड्रायव्हरला हात केला.

‘पट्टा लावा,’ मी म्हणालो.

ती दोघं वेवजीहून परत आलीच नाहीत. भावाचं घर मोठं, अंगणातून दारात गाडी येणारी, माणसं करणारी. काकूंना तिथे बरं वाटायला लागलं, आणि शेठना काकूंना बरं वाटणं पुरेसं होतं. घर मला सांभाळायला दिलं. पुढे माझ्या मुलीचं लग्न झालं, नातू झाला. व्याह्यांशी माझं इतकं जमतं, की तुसाची गोष्ट त्यांना सांगितली असती तर त्यांनी तेव्हाही हसून सोडून दिली असती, हे मला आता पक्कं ठाऊक आहे. दोन वर्षांनी गल्ली सिमेंटची झाली. काठोकाठ भरलेला कप घेऊन रिक्षातून जाता येतं. मी एकदा गेलो होतो, एकटाच. लोकांनी वेड्यात काढलं.

मागच्या वर्षी पाऊस संपता संपता शेठ आजारी असल्याचं कळलं. मी एसटीने तलासरीला उतरलो, तिथून वेवजी. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, शाळेतल्या भाषणासारखं. शेठ ओटीवर खाटेवर होते. अंगाची पार काडी झालेली. मला बघून दोन्ही हात वर केले. घरची माणसं चहा ठेवून आत गेली. काकू उंबऱ्याशी पाट घेऊन बसल्या. मी खाट धरून वाकलो आणि त्यांच्या कानाशी म्हणालो, ‘शेठ, त्या दिवशीचं सांगायला आलोय.’

‘काय?’

काकू म्हणाल्या, ‘त्यांना ऐकू येत नाही हो आता. मोठ्याने बोला. जोरात.’

मी थोडं मोठ्याने म्हणालो. शेठनी कानामागे हात धरला. ‘काय म्हणता, मास्तर?’

आतली बोलणी थांबली होती. काकूंचा भाऊ दारात येऊन उभा राहिला. अंगणात भात वारणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. कानात सांगायला आलो होतो ते आता ओरडून सांगायचं होतं. मी छाती भरून घेतली.

‘यंदा पाऊस चांगला झालाय!’ मी ओरडलो.

शेठ हसले. ‘हां,’ म्हणाले, ‘चांगला झाला.’ आणि माझा हात थोपटत राहिले.

थंडीत ते गेले. मी बाराव्याला जाऊन आलो. तिथेही कोणीतरी कचेरीतल्या साहेबाची गोष्ट काढली, आणि काकू हसल्या. माझ्याकडे बघून हसल्या असं मला वाटलं, पण मी काही विचारलं नाही.

मला एवढंच ओरडायचं होतं. शेठ, तूस मी भरलं होतं. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात आणि मी गप्प बसलो. मला माफ करा.